चार वर्षं पूर्ण करणार का? न्यू जर्सी आणि व्हर्जिनियातल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार मंडळी,

२०२६च्या जानेवारीत आपल्या दोन्ही राज्यांत नव्या गव्हर्नरांचे शपथविधी झाले. न्यू जर्सीत मिकी शेरिल, व्हर्जिनियात ॲबिगेल स्पॅनबर्गर. मांडव उतरायच्या आत ‘आता २०२८ला काय?’ हा विषय सुरू झाला. टीव्हीवर झाला आणि आपल्या हळदीकुंकवांतही झाला. त्या दोघींच्या मनात काय आहे ते त्यांनाच ठाऊक, आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध मुळीच नाही. पण चार वर्षांसाठी निवडून दिलेल्या व्यक्तीकडे पहिल्याच महिन्यात व्हाइट हाऊसची उमेदवार म्हणून पाहायचं, ही सवय आपल्याला याआधी महागात पडली आहे. त्यात आपल्या राज्यांच्या निवडणुकीच्या वेळापत्रकाचा मोठा हात आहे. त्याबद्दल नीट बोलणं व्हावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी वेळापत्रक. ५० पैकी ३६ राज्यं गव्हर्नर निवडतात ती मिडटर्मला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतर दोन वर्षांनी. ११ राज्यं राष्ट्राध्यक्षाबरोबर एकाच दिवशी निवडतात. (न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मॉंटमध्ये गव्हर्नरची मुदत दोनच वर्षांची, म्हणून ती दोन्हीकडे धरली जातात.) उरली पाच. केंटकी, मिसिसिपी आणि लुइझियाना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी मतदान करतात आणि आपली दोन राज्यं नंतरच्या वर्षी.

आता हे पाहा. १९०० सालानंतर जे गव्हर्नर आधी उपराष्ट्राध्यक्ष न होता राष्ट्राध्यक्ष झाले, ते सहा: वुड्रो विल्सन, फ्रँकलिन रूझवेल्ट, जिमी कार्टर, रोनाल्ड रेगन, बिल क्लिंटन आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश. राज्यातली त्यांची शेवटची निवडणूक कधीची? विल्सन १९१०, रूझवेल्ट १९३०, कार्टर १९७०, रेगन १९७०, क्लिंटन १९९०, बुश १९९८. सहाच्या सहा मिडटर्मची वर्षं. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क ही मोठी राज्यं आज मिडटर्मवालीच आहेत, तेव्हा यातलं थोडं श्रेय राज्याच्या आकाराला आणि संख्याबळाला द्यायला हवं. पण आर्कान्सॉ काही मोठं राज्य नव्हे. तिथल्या गव्हर्नरलाही हे जमलं, कारण १९९२ साली त्याची खुर्ची पणाला लागलेली नव्हती.

मिडटर्मचं गणित सरळ आहे. नोव्हेंबरात राज्य पुन्हा जिंकायचं आणि तो विजय ताजा असतानाच देशापुढे जायचं. रूझवेल्ट १९२८ साली न्यूयॉर्क जेमतेम २५ हजार मतांनी जिंकले होते. १९३०ला तेच राज्य त्यांनी सव्वासात लाखांच्या फरकाने घेतलं आणि पक्षातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. बुश यांनी नोव्हेंबर १९९८मध्ये टेक्सस ६८ टक्के मतांनी राखलं. टेक्ससचं विधिमंडळ विषम वर्षीच, जानेवारीपासून १४० दिवस बसतं. बुश ते अधिवेशन संपेपर्यंत थांबले आणि जून १९९९मध्ये प्रचाराला निघाले. पुढचं अधिवेशन थेट २००१ला. मधला सगळा काळ मोकळा, शिवाय हरले असते तरी गव्हर्नरची खुर्ची जागेवर होतीच. कार्टर आणि रेगन दोघंही जानेवारी १९७५मध्ये पदावरून उतरले. कार्टर यांना जॉर्जियाच्या तेव्हाच्या राज्यघटनेप्रमाणे लागोपाठ दुसरी मुदत घेता येत नव्हती, म्हणून ते अख्खं वर्ष त्यांनी, पक्षाच्या उमेदवारीची पहिली फेरी जिथे होते त्या आयोवातल्या शेतकऱ्यांच्या घरी चहापाण्यात आणि चर्चच्या सभागृहांत घालवलं. पदावर असलेल्या गव्हर्नरला ते परवडलं नसतं.

राष्ट्राध्यक्षाबरोबर निवडणूक असली की काय होतं, याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. इलिनॉयचे ॲडलाय स्टीव्हन्सन १९४८ला निवडून आले. १९५२ला दुसऱ्या मुदतीसाठी उभे होते. जुलैत पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तेव्हा राज्याची उमेदवारी सोडावी लागली. नोव्हेंबरात आयझेनहॉवर यांच्याकडून हरले आणि हातात काहीच उरलं नाही. इलिनॉयने पुढे १९७६ला दोनच वर्षांसाठी गव्हर्नर निवडून आपली निवडणूक मिडटर्मला नेली. दुसरं उदाहरण माइक पेन्स यांचं. जुलै २०१६मध्ये ते इंडियानात गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभे होते. तिथल्या कायद्याप्रमाणे नाव मागे घ्यायची मुदत १५ जुलै, शुक्रवार, दुपारी बारापर्यंत. त्याच सकाळी ट्रंप यांनी त्यांचं नाव उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जाहीर केलं आणि बाराच्या आत कागद दाखल झाले. इंडियानाच्या मतदारांना आपला उमेदवार कोण हे निवडणुकीच्या चार महिने आधी, तेही घड्याळाचा काटा पाहून कळलं. वॉशिंग्टन राज्याचे जे इन्सली तर २१ ऑगस्ट २०१९ला राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गव्हर्नरपदाच्या तिसऱ्या मुदतीसाठी नाव जाहीर केलं.

विषम वर्षाचं काय? एके काळी हेच वर्ष फार लाभाचं होतं. ओहायो तेव्हा विषम वर्षी गव्हर्नर निवडत असे. ऑक्टोबर १८७५मध्ये रुदरफर्ड हेज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. चलनाच्या प्रश्नावरची ती लढत सगळा देश पाहत होता. आठ महिन्यांनी सिनसिनाटीच्या पक्ष-अधिवेशनात त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. मॅकिन्ले यांनाही १८९३चा ओहायोतला विजय असाच कामी आला. तेव्हा उमेदवार ठरायचा तो उन्हाळ्यातल्या अधिवेशनात, पुढाऱ्यांच्या बैठकीत. आज प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, वर्षभर आधी देणगीदार वाटले गेलेले असतात. केंटकीचे अँडी बशीर नोव्हेंबर २०२३ला पुन्हा निवडून आले, पण तोवर २०२४चा डाव मांडून झाला होता. मात्र त्यांची मुदत डिसेंबर २०२७मध्ये संपते, म्हणून २०२८ला त्यांचं वेळापत्रक जुळतं.

आपलं तसं जुळत नाही, आणि माझ्या पत्राचा गाभा इथे आहे.

न्यू जर्सीने राष्ट्राध्यक्ष झालेला एक गव्हर्नर दिला, विल्सन. तेव्हा आपल्याकडे गव्हर्नरची मुदत तीन वर्षांची होती, त्यामुळे त्यांची निवडणूक योगायोगाने १९१०च्या मिडटर्मला पडली. १९११च्या पहिल्या अधिवेशनात त्यांनी पक्षांतर्गत उमेदवार मतदारांनी निवडायचा कायदा, कामगारांना अपघाताची भरपाई, वीज-रेल्वे कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारा आयोग असं एकामागून एक करून घेतलं. मे महिन्यात ते पश्चिमेकडच्या राज्यांत भाषणांच्या दौऱ्यावर निघाले. त्यानंतर राज्याच्या वाट्याला ते पहिल्यासारखे आलेच नाहीत. १ मार्च १९१३ला त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्यांची मुदत संपायला अजून दहा महिने होते.

१९४७च्या राज्यघटनेने मुदत चार वर्षांची केली आणि १९४९पासून आपण विषम वर्षी मतदान करू लागलो. तेव्हापासून न्यू जर्सीच्या एकाही गव्हर्नरला राष्ट्राध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारीसुद्धा मिळालेली नाही. व्हर्जिनियाचं चित्र आणखी ठळक आहे. जेफरसन, मन्रो, टायलर हे तिघं तिथले गव्हर्नर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्यांना गव्हर्नर म्हणून विधिमंडळाने निवडलं होतं. १८५१नंतर हा अधिकार मतदारांकडे आला. तेव्हापासून एकही नाही.

कारण साधं आहे. आपला गव्हर्नर निवडला जातो तो राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतर वर्षभराने. पुढच्या शर्यतीत उतरायचं तर पदावर जेमतेम सव्वा वर्ष झालेलं असताना तयारी सुरू करावी लागते. तेवढ्यात दाखवण्यासारखं काम काय होणार? थांबायचं म्हटलं तर न्यू जर्सीत आधी दुसरी मुदत जिंकावी लागते आणि पुढची संधी येईपर्यंत लोक गव्हर्नरला कंटाळलेले असतात. त्यातून आणखी एक ओढ आहे. १९७७पासून व्हर्जिनियाने आणि १९८९पासून न्यू जर्सीने व्हाइट हाऊसमधल्या पक्षाच्या विरोधातलाच गव्हर्नर निवडला आहे. अपवाद एकेकच: व्हर्जिनियात २०१३, न्यू जर्सीत २०२१. म्हणजे राष्ट्राध्यक्ष नवा असताना देशातला पहिला मोठा विरोधी विजय आपल्याकडे होतो. जिंकणाऱ्याचं नाव रातोरात देशभर होतं आणि पक्षाला वाटतं की पुढचा उमेदवार सापडला. नाव लवकर होतं, वेळ मात्र जुळत नाही. या दोन्हींच्या मध्ये आपली चार वर्षं सापडतात.

ख्रिस ख्रिस्ती यांची आठ वर्षं न्यू जर्सीकरांनी डोळ्यांदेखत पाहिली आहेत. २००९ला निवडून आले. २०११मध्ये रिपब्लिकन पक्षातले बडे देणगीदार त्यांच्या मागे लागले. ४ ऑक्टोबर २०११ला त्यांनी सांगितलं की आत्ता नाही, राज्याचं काम अर्धवट आहे. तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. पण पुढची संधी २०१६ची. तोपर्यंत ‘डेमोक्रॅटिक राज्यात दणक्यात जिंकणारा रिपब्लिकन’ हे नाव टिकवायचं होतं आणि त्यासाठी नोव्हेंबर २०१३चा विजय मोठा हवा होता.

३ जून २०१३ला सिनेटर फ्रँक लाउटनबर्ग वारले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक ख्रिस्ती यांनी १६ ऑक्टोबरला, बुधवारी ठेवली. गव्हर्नरची निवडणूक ५ नोव्हेंबरला होती, म्हणजे वीस दिवसांनी. राज्याला सिनेटर लवकरात लवकर मिळावा, हे त्यांनी दिलेलं कारण. सिनेटच्या जागेचे डेमोक्रॅटिक उमेदवार कोरी बुकर यांच्यासाठी बाहेर पडणारे मतदार आपल्या निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर नकोत म्हणून ख्रिस्ती यांनी हे केलं, हा विरोधकांचा आरोप. ऑगस्टमधली प्रायमरी आणि ऑक्टोबरमधलं मतदान मिळून खर्चाचा अंदाज होता सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर. जे त्या बुधवारी कामावरून सुटून शाळेच्या जिममध्ये मत द्यायला गेले आणि वीस दिवसांनी त्याच जिममध्ये त्याच यंत्रापुढे पुन्हा उभे राहिले, त्यांना मी आणखी काय सांगणार?

ख्रिस्ती ६० टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले. दोन महिन्यांत, त्यांच्या माणसांनी जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या लेन मुद्दाम बंद केल्याचं प्रकरण फुटलं आणि त्या विजयाची चमक गेली. तरीही ते २०१६च्या शर्यतीत उतरले. २०१५ साली वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ते पूर्ण वेळ किंवा काही वेळ राज्याबाहेर होते. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की आपल्याकडे कारभार लेफ्टनंट गव्हर्नरकडे जातो, तेव्हा सह्या अडल्या नाहीत हे खरं. पण ज्याला आपण निवडलं तो इथे नव्हता.

पेट्रोलवरचा कर आठवा. १९८८पासून तो गॅलनला साडेचौदा सेंटवर थांबलेला होता आणि रस्ते, पूल, रेल्वेचा निधी आटत चालला होता. फेब्रुवारी २०१६मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीच्या निकालानंतर ख्रिस्ती शर्यतीतून बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी गॅलनमागे २३ सेंटची वाढ मंजूर केली. रिपब्लिकन प्रायमरीत करवाढ करणारा गव्हर्नर टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. या दोन तारखांचा संबंध कोणी कागदावर सिद्ध केलेला नाही, पण मी तो मानते. आपल्यातले कितीजण रोज एडिसनहून किंवा प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जातात! हडसनखालचा नवा बोगदाही २०१०मध्ये वाढत्या खर्चाचं कारण देऊन याच गव्हर्नरांनी रद्द केला होता. आज पुन्हा तिथेच नव्याने खणायचं चाललं आहे.

व्हर्जिनियाकर मंडळी, तुमचं दुखणं वेगळं आहे. लागोपाठ दुसरी मुदत न देणारं तुमचं देशातलं एकमेव राज्य. राज्यात पुढे काही मागायचंच नसेल तर माणूस पहिल्या दिवसापासून दुसरीकडे पाहतो. डग्लस वाइल्डर यांच्याइतका मोठा माणूसही यातून सुटला नाही. गुलामगिरीत जन्मलेल्यांचा नातू, मतदारांनी गव्हर्नर म्हणून निवडलेला देशातला पहिला कृष्णवर्णीय. जानेवारी १९९०मध्ये शपथ घेतली आणि सप्टेंबर १९९१मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. राज्य तेव्हा मंदीत होतं, अर्थसंकल्पाला कात्री लावणं चालू होतं. जानेवारी १९९२मध्ये, विधिमंडळापुढच्या वार्षिक भाषणातच त्यांना माघार जाहीर करावी लागली. दोन्ही कामं एकदम होत नाहीत, असंच त्यांनी सांगितलं. पुढे तिथलेच गव्हर्नर झालेले मार्क वॉर्नर मुदत संपवून मग राष्ट्राध्यक्षपदाचा विचार करत होते, पण ऑक्टोबर २००६मध्ये त्यांनी नाही म्हटलं. माझं मत असं की लागोपाठ दोन मुदतींची मुभा द्यावी. ते सोपं नाही. घटनादुरुस्ती दोन वेगवेगळ्या विधानसभांनी, मधे एक निवडणूक होऊन, मंजूर करायची आणि मग सार्वमत घ्यायचं. पण मागणी तर व्हायला हवी.

मंडळात हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सगळ्या निवडणुका एकदम घ्या, खर्च वाचेल.’ भारतात एक देश एक निवडणुकीचं १२९वं घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत आलं, तेव्हापासून तर हे फारच ऐकू येतं. महाराष्ट्रात १९९९ला लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्याची आठवणही सांगितली जाते. खर्चाचा मुद्दा खोटा नाही, आणि एकत्र घेतलं तर मतदान वाढतं हेही खरं. पण न्यू जर्सीचा मालमत्ता कर, शाळांचा निधी, पेन्शन यांवरची चर्चा ट्रंप-बायडन यांच्या आरडाओरड्यात किती ऐकू आली असती? विषम वर्षामुळे आपल्या गव्हर्नरची राष्ट्राध्यक्ष व्हायची संधी कमी होते, तर होऊ दे. त्या बदल्यात एक नोव्हेंबर फक्त आपल्या राज्याचा असतो. तो मी सोडायला तयार नाही.

मात्र तो नोव्हेंबर आपलाच असेल तर तिथे हजर राहायला हवं. २०१३ आणि २०१७ला न्यू जर्सीत नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्केसुद्धा आले नाहीत. २०२०ला राष्ट्राध्यक्षासाठी ७० टक्क्यांच्या वर आले होते. २०२५ला टक्का चांगला वाढला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण जूनमधल्या प्रायमरीला आपण अजूनही फारच थोडे दिसतो, आणि खरा उमेदवार तिथे ठरतो.

दुसरं म्हणजे उमेदवारांना विचारा. ते आपल्या गणपतीला येतात, दिवाळीच्या कार्यक्रमाला येतात, शाल घेतात, दोन शब्द बोलतात. त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, माइकवर विचारा: चार वर्षं पूर्ण करणार का? हा प्रश्न १९९०मध्ये बिल क्लिंटन यांना टीव्हीवरच्या चर्चेत विचारला गेला होता. करीन, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी उभं राहायचं ठरलं, तेव्हा त्यांना गावोगाव फिरून लोकांना विचारावं लागलं की मला या शब्दातून मोकळं करता का, आणि मग ३ ऑक्टोबर १९९१ला लिटल रॉकमध्ये उमेदवारी जाहीर झाली. शब्द मोडला हे खरंच. पण एका प्रश्नामुळे आर्कान्सॉच्या मतदारांसमोर त्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. आपल्याकडे ख्रिस्ती यांना असं काही करावं लागलं नाही, कारण आपण विचारलंच नव्हतं.

महत्त्वाकांक्षा वाईट असं मी म्हणत नाही. अर्थसंकल्पावर सही केलेला, वादळात रात्रभर आपत्कालीन कक्षात बसलेला माणूस व्हाइट हाऊसमध्ये असावा, असंच मला वाटतं. बुश यांच्यानंतर तिथे एकही गव्हर्नर गेलेला नाही, ही देशासाठी चांगली गोष्ट नाही. शेरिल किंवा स्पॅनबर्गर पुढे कधी गेल्या तर मी आनंदाने मत देईन. फक्त आधी इथलं काम व्हावं.

पुढची तारीख २ नोव्हेंबर २०२७. त्या दिवशी न्यू जर्सीच्या विधिमंडळाच्या १२० आणि व्हर्जिनियाच्या १४० जागांसाठी मतदान आहे. तेव्हा टीव्हीवर रात्रंदिवस आयोवा आणि न्यू हॅम्पशायर चालू असेल. व्हर्जिनियाच्या मुदतीची घटनादुरुस्ती असो की न्यू जर्सीच्या निवडणुकीचं वर्ष, त्यावर मत देणारे लोक मात्र त्या दिवशी आपल्याकडे निवडले जाणार आहेत. न्यू जर्सीत मतदार नोंदणी मतदानाच्या २१ दिवस आधी बंद होते. घरात नुकतं नागरिकत्व मिळालेलं किंवा १८ पूर्ण झालेलं कोणी असेल, तर त्यांचा अर्ज या उन्हाळ्यातच भरून टाका.

आपली,
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी येथील एक मतदार